खालची डावी बाजू

फोन आला तेव्हा त्याच्या बोटांत मेणाची एक दाढ होती आणि तिच्या माथ्यावरच्या चरी कोरण्यात तो गढून गेला होता. अशा वेळी तो फोन घेत नसे. शहरातल्या दंतवैद्यांना हे ठाऊक होतं. ते दोनदा वाजवून ठेवून देत आणि दुपारी बत्तिशीचा उलट फोन येईल म्हणून निवांत राहत. बत्तिशी हे काही त्याचं नाव नव्हे, पण तीस-पस्तीस वर्षं दंतवैद्यांसाठी कॅपा, ब्रिज आणि कवळ्या बनवणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? हे नाव त्याला आवडत नसे असंही नाही. पण आजचा फोन थांबेना. शेवटी त्यानं मेणाळलेल्या हातानंच तो उचलला. त्याच्याकडून सर्वांत जास्त वर्षं काम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाई पलीकडे होत्या आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा घाईचा नव्हता. त्यांनी विचारलं, जुन्या कामांची प्लॅस्टरं तो अजून ठेवतो ना. ठेवतो, तो म्हणाला. आठ वर्षांपूर्वीचं एक हवं होतं. खालच्या डाव्या बाजूचा तीन दातांचा ब्रिज, पेशंट जमिनीची मोजणी करणारा, एका बांधकाम कंपनीत नोकरीला. दवाखाना हलवताना त्यांच्याकडचे जुने एक्स-रे गहाळ झाले होते. मग त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, रविवारच्या विमानात तो होता. त्यानं मेणाची दाढ हळूच ट्रेमध्ये ठेवली.

रविवारचं विमान त्याला माहीत होतं तसं सगळ्यांनाच माहीत होतं. कंपनीनं भाड्यानं घेतलेलं लहान विमान, सात प्रवासी आणि दोन वैमानिक. सकाळी ढग इतके खाली आले होते की त्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत नव्हती. त्या ढगात ते चढलं आणि तीन मिनिटांत खडीच्या खाणीपलीकडे उतारावर कोसळलं. एकही माणूस वाचला नाही. गेले तीन दिवस इमारतीतल्या ज्याला त्याला विमान चालवता येत होतं. जिन्यात भेटेल तो सांगे की एवढ्या पावसात उडायचंच नसतं, आपण असतो तर वळवून परत आणलं असतं. त्यानं स्वतःही परवा दुधाची पिशवी हातात धरून शेजाऱ्याला असंच काहीतरी ठासून सांगितलं होतं. आता ते आठवून त्याला जीभ दाताखाली आल्यासारखं झालं. ती बातमी काल रात्रीपर्यंत दुसऱ्या कुणाची तरी होती. आता तिच्यात त्याच्या हातचे तीन दात होते.

त्या ब्रिजचा खोका शोधायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. काम डॉक्टरांकडे पाठवण्याआधी कॅप किंवा ब्रिज साच्यावर बसवून, त्याची एक अख्खी प्लॅस्टरची प्रत काढून ठेवायची, ही सवय त्याला ज्या मामानं धंदा शिकवला त्याची. इतर लॅबवाले हसत. बायको हसत नसे, ती चिडे. लग्नानंतर पहिल्यांदा घरातलं कपाट उघडलं तेव्हा चार फळ्या भरून जबडे तिच्याकडे बघून दात विचकत होते. त्या दिवशी ती अशी ओरडली की सगळे जबडे आठवड्याभरात लॅबवर आले आणि तिथेच राहिले. आपलं घर दुसऱ्यांच्या दातांवर चालतं, असं ती पाहुण्यांना सांगे आणि पाहुणे आपापली तोंडं मिटून घेत. त्यानं प्रत हातात घेतली आणि अंगठा सवयीनं दाढांवरून फिरवला. हा माणूस त्याला चांगला आठवत होता. म्हणजे तोंड आठवत होतं. डाव्या बाजूनं चावणारा, झोपेत दात खाणारा. वरच्या पुढच्या दाताला बारीकसा खड्डा, तोंडात पेन्सिल धरणाऱ्यांना पडतो तसा. मधली दाढ काढलेली, म्हणून पुढच्या-मागच्या दातांवर कॅपा चढवून मधे खोटी दाढ अडकवलेली. चेहरा त्यानं कधी पाहिला नव्हता. त्याच्या गिऱ्हाइकांपैकी कुणाचाच पाहिलेला नव्हता. बसमध्ये समोर बसलेला माणूस जांभई देतो आणि ही वरची उजवी आपली, एवढंच कळतं. तो माणूस तोंड मिटून उतरून जातो. वर्तमानपत्रात नऊ जणांचे फोटो आले होते. त्यातला मोजणीदार कुठला हे नाव वाचून कळलं असतं, पण त्यानं पेपर उघडला नाही. फोटोत माणसं ओठ मिटून असतात, त्यावरून त्याला काही कळण्यासारखं नव्हतं.

खोका घेऊन तो टॅक्सीनं हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत पोहोचेपर्यंत पाऊस थांबला होता, पण पागोळ्या गळत होत्या आणि फरशीवर सगळ्यांच्या बुटांचा चिखल होता. कॉरिडॉरच्या एका टोकाला बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, एखाद्या कचेरीत नंबर लागायची वाट बघत बसावं तशी. ओळख पटवण्याचं काम ज्याच्याकडे होतं तो अधिकारी त्याला घाईनं आत घेऊन गेला आणि चालता चालताच त्यानं परिस्थिती सांगितली. नऊपैकी आठ जणांची ओळख पटली होती. मृतदेहांत उरला होता चार नंबर, आणि नावांत उरला होता मोजणीदार. तेव्हा ते तसं सरळच होतं, फक्त कागदावर कुणाचीतरी सही हवी होती. बाहेर बसली होती ती मोजणीदाराची बायको. रविवारपासून येत होती. रक्ताच्या तपासणीचा अहवाल यायला तीन आठवडे लागणार होते आणि तिला तीन आठवडे बसवून ठेवणं अधिकाऱ्याच्या जिवावर आलं होतं. माणूस वाईट नव्हता. त्याचे डोळे झोपेविना लाल झाले होते आणि सदऱ्याची कॉलर एका बाजूनं आत दुमडलेली होती.

आतल्या खोलीत एक तरुण दंतवैद्य होती. तिनं दोन दिव्यांचे झोत जुळवले आणि चादर हवी तेवढीच, फक्त तोंडापाशी, बाजूला केली. समोर दात आले की त्याच्या आत जे एक शांत, कोरडं लक्ष जागं होत असे, ते झालं. त्यानं खालची डावी बाजू बघितली. मग, खात्री होती तरी, उजवीही बघितली. दात सगळे आईनं दिलेले होते. एकाला चांदीचं जुनं भरण, बाकी कशाला कुणाचा हात लागलेला नव्हता.

"हा तो नाही," तो म्हणाला.

अधिकारी म्हणाला की आगीत ब्रिज निघून पडला असेल. तो म्हणाला, पडत नाही, आणि पडला तरी खाली घासलेले खुंट राहतात, मधे दाढ नसते. इथे दाढ आहे. तरुण दंतवैद्य तोवर भिंतीकडच्या टेबलाशी गेली होती. तिथून एक पाकीट उचलून तिनं चार फोटो त्याच्यासमोर मांडले. सहा नंबर. पंपांच्या इंजिनिअरचा. काल संध्याकाळी ओळख पटलेला, मेहुण्यानं, म्हणजे इंजिनिअरच्या बायकोच्या धाकट्या भावानं, मनगटावरच्या घड्याळावरून. फोटोत खालच्या डाव्या बाजूला काळवंडलेला तीन दातांचा ब्रिज होता. तिनं काल मेहुण्याला विचारलं होतं, भाऊजींच्या दाताचं काही काम झालं होतं का. तो 'असेल' म्हणाला होता.

आपलं काम ओळखायला वेळ लागत नाही. अक्षर जसं आपलं आपल्याला दुरून कळतं तसं. मामा दाढेच्या गालाकडच्या अंगाला जी चर कोरायचा, ती खाली उतरता उतरता किंचित मागे वळायची. मामाच्या हाताखाली शिकून त्याचीही वळू लागली. मामा गेल्यावर या शहरात ती शेपटी दुसरा कुणी काढत नव्हता. पण फोटो तो फोटो. त्यानं प्रत्यक्ष बघायचं म्हटलं, तेव्हा अधिकारी खुर्चीत बसला. सहा नंबर ताब्यात द्यायचे कागद तयार होते. खाली गाडी उभी होती, मेहुणा त्याच गाडीतून अर्ध्या तासात निघणार होता, आणि तिकडे इंजिनिअरच्या घरी माणसं जमली होती. अधिकाऱ्यानं हलक्या आवाजात विचारलं, "काका, तुम्ही चुकत असाल तर? दोन घरं पुन्हा हलवायची म्हणजे... जरा विचार करा." मला पाच मिनिटं द्या, असं सांगून अधिकारी परवानगीचा फोन करायला बाहेर गेला.

त्या पाच मिनिटांत तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि ज्याचा विचार तो कधी करत नसे तो विचार न बोलावता आला. तो वीस वर्षांचा होता. पुलाचा कठडा तोडून बस नदीत पडली होती आणि वडील त्या बसमध्ये होते, किंवा त्या बसनं येणार होते. एका शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला लावून माणसं ओळीनं झोपवली होती. आई बाहेर पायरीवर बसली होती. एका शिपायानं चादर वर केली आणि विचारलं, हेच ना? त्यानं चादरीची किनार पाहिली. किनारीवर निळ्या धाग्यानं भरलेला आकडा होता, सत्तावीस. तो आकडा त्याला आजही दिसत होता, धाग्याची एक गाठ सुटलेली होती तीसुद्धा. किनारीच्या वर त्यानं पाहिलं नाही. 'हो' म्हणाला. मागे रांग होती, शिपाई दमलेला होता, आई उन्हात बसली होती आणि सगळ्यांना तो 'हो' हवा होता. पुढचं सगळं रीतसर झालं. आई बावीस वर्षं त्या 'हो'वर स्वस्थपणे जगली आणि गेली. ते वडीलच असतील, असणारच, दुसरं कोण असणार, असं त्यानं स्वतःला किती वेळा सांगितलं याची मोजदाद नाही. पण भर दुपारी, अगदी चांगलं चाललेलं असताना, हातातलं काम खाली ठेवून तो कधीकधी वडिलांचे दात आठवायचा प्रयत्न करी आणि त्याला एकही आठवत नसे. या धंद्यात तो यामुळे आला असं मात्र नव्हतं. मामाची लॅब होती, दुसरं काही जमत नव्हतं, एवढंच. पण इथे आल्यावर त्याच्या एक ध्यानात आलं. इथे बघितल्याशिवाय हात चालत नाही. म्हणून इथे तो चुकत नाही. ही घमेंड असेल तर असो.

परवानगी आली. सहा नंबरपाशी त्यानं काचेचं भिंग लावलं, एका हातात प्लॅस्टरची प्रत धरली आणि घाई केली नाही. चर होती. खाली येऊन मागे वळली होती. मागच्या कॅपेचा आतला कोपरा घासलेला होता. हे त्याला येताना टॅक्सीतही आठवलं नव्हतं, आता आठवलं. ब्रिज उंच लागतोय म्हणून डॉक्टरीणबाईंनी परत पाठवला होता, त्यानं तो कोपरा तासून पुन्हा चकाकी चढवली होती. प्रतीत तो कोपरा अजून उंच होता, इथे सपाट. चकाकीवर उष्णतेनं बारीक जाळी पडली होती, पण भट्टीतून निघालेल्या वस्तूला आगीचं काय? ती जशीच्या तशी होती. वरच्या पुढच्या दाताला पेन्सिलीचा खड्डा होता. तो सरळ उभा राहिला. "हे मोजणीदार आहेत," तो म्हणाला, "मी सही करतो. पाहिजे तितक्या ठिकाणी करतो." तरुण दंतवैद्यानं सुस्कारा सोडला. अधिकाऱ्यानं दुमडलेली कॉलर सरळ केली आणि गाडी थांबवायला माणूस पाठवला.

मेहुणा वर आला तो तावातावानंच. तिशीचा, अंगापिंडानं मजबूत, तीन दिवसांची दाढी. त्याचं म्हणणं असं की घड्याळ त्यानं स्वतः ओळखलं होतं, मागच्या बाजूला कंपनीचं नाव होतं. अधिकाऱ्यानं समजावून सांगितलं की दहा वर्षं नोकरी झालेल्या सगळ्यांना कंपनीनं तेच घड्याळ दिलं होतं, विमानातल्या तिघांकडे ते होतं, आणि चार नंबरचं कुठेतरी निखळून पडलं असणार. मेहुणा ऐकेना. ताईला फोन करून कळवलंय, आता तिला काय सांगू, माणूस बदलला म्हणून सांगू? दातवाल्या म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून? तो बोलत राहिला आणि बत्तिशी त्याच्या तोंडाकडे नव्हे, डोळ्यांकडे बघत राहिला. त्याला राग येत नव्हता. मेहुण्याची नजर बोलताना सारखी जमिनीकडे जात होती, आणि तसं जमिनीकडे बघणं काय असतं ते त्याला ठाऊक होतं. अधिकारी कागद आणायला वळला तेव्हा तो मेहुण्याच्या जवळ गेला.

"काल तुम्ही घड्याळाच्या वर पाहिलंत का?"

मेहुण्यानं मान हलवली. नाही.

"मी पण नव्हतं पाहिलं," तो म्हणाला. "माझे वडील होते. वीस वर्षांचा होतो, न बघताच हो म्हणालो. मला थांबवायला कुणी आलं नाही." हे तो आयुष्यात पहिल्यांदा बोलत होता, बायकोलाही कधी बोलला नव्हता, आणि ते इतक्या साध्या आवाजात निघालं की त्याला स्वतःलाच नवल वाटलं. "मी येतो तुमच्याबरोबर. चला, बघून घ्या."

दोघं आत, चार नंबरपाशी गेले. मेहुण्यानं त्याची बाही धरली होती, पण डोळे मिटले नाहीत. चेहऱ्यावरून कळण्यासारखं फार नव्हतं. तरी तो बघत राहिला, कपाळ, कान, खांद्याची ठेवण, आणि मग त्यानंच पायाकडची चादर उचलायला सांगितली. उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला जुना, लांबट व्रण होता. ताईचं लग्न ठरलं त्या वर्षी भाऊजींनी त्याला मोटारसायकल शिकवायला घेतलं होतं, पहिल्याच दिवशी त्यानं ती खड्ड्यात घातली आणि सायलेन्सरचं तापलेलं नळकांडं भाऊजींच्या पायावर आलं. ताईला सांगायचं नाही असं दोघांत ठरलं होतं. "हेच," तो म्हणाला. "हे आमचे भाऊजी." बाहेर येऊन त्यानं बहिणीला फोन लावला, आणि तिला काय सांगायचं ते न ठरवताच बोलायला लागला. पहिल्यापासून, मोटारसायकलीपासून.

राहिली होती बाकावरची बाई. तिला सांगायचं काम अधिकाऱ्याचं होतं आणि त्यानं ते नीट केलं: ओळख पटली आहे, नंबर चार नव्हे, सहा. कशावरून, तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की रविवारपासून मला चार सांगताय, आता सहा म्हणताय, उद्या दोन म्हणाल. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाली की ज्यानं ओळखलं त्याला मला भेटायचंय. तेव्हा तो तिच्या शेजारी बाकावर जाऊन बसला. माणसांशी बोलायची वेळ त्याच्यावर कमीच येई. मग त्यानं खोका उघडला, प्रत बाहेर काढली, आणि एखाद्या नव्या डॉक्टरला समजावून सांगावं तसं सांगू लागला. ही चर बघा, ही मी काढतो, दुसरं कुणी अशी काढत नाही. हा कोपरा आम्ही नंतर घासला. ते डावीकडून चावायचे, बरोबर? तोंडात पेन्सिल धरायचे. रात्री दात खायचे.

तिनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. मग प्लॅस्टर त्याच्या हातातून घेतलं, पर्सवर ठेवलं आणि त्या प्रतीकडे बघत राहिली. नवऱ्याचा जबडा असा पांढरा, कोरडा, तळहाताएवढा तिनं कधी पाहिला नसणार. तिनं एक बोट दाढांवरून पुढून मागे नेलं, पुन्हा मागून पुढे आणलं. खोट्या दाढेपाशी बोट थांबलं.

"इथे घास अडकायचा," ती म्हणाली. "रोज. जेवून उठले की आरशासमोर उभे राहून काडी घालत बसायचे आणि ज्यानं हे बनवलं त्याला शिव्या द्यायचे. आठ वर्षं. त्याचे हात झडोत काय, त्याचे सगळे दात पडोत काय. मला पाठ झालंय."

त्याची मान ताठ झाली. पस्तीस वर्षांत त्याच्या ब्रिजखाली घास अडकल्याची तक्रार आली नव्हती. त्यानं तिला सांगितलं की तिथे थोडी जागा मुद्दाम सोडावी लागते, नाहीतर हिरडी सुजते, ब्रश आत जायला हवा, पुस्तकात तसंच आहे, आणि अडकत असेल तर हिरडी नंतर बसली असेल, त्याला लॅबवाला काय करणार. ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं प्लॅस्टर उचललं आणि खोट्या दाढेच्या खाली, जिभेकडच्या अंगानं, करंगळीचं नख घातलं. नख सहज गेलं. पाठोपाठ बोटाचं टोकही गेलं. तो मधेच बोलायचा थांबला. चष्मा वर करून त्यानं ती खाच जवळून पाहिली, मग प्रत तिरपी धरून उजेडात पाहिली. मघाशी आत भिंग लावून पाहिलं तेव्हा त्याची नजर गालाकडच्या बाजूलाच होती, आपली शेपटी शोधत. जिभेकडून त्यानं बघितलंच नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "फट मोठी राहिलीय. चूक माझी आहे."

तिच्या ओठांचा कोपरा हलला. हसू होतं ते, आणि आवरता आवरता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हसू गेलं नाही. "त्यांना हे ऐकायला मिळायला हवं होतं," ती म्हणाली. "मी म्हणायची, अहो, तुम्हीच नीट चावत नाही." तिनं पर्समधून रुमाल काढला, आधी प्लॅस्टरवरचा तिच्या बोटाचा डाग पुसला आणि मग डोळे. मग उठून उभी राहिली, पदर सारखा केला आणि अधिकाऱ्याला विचारलं, सहा नंबर कुठल्या खोलीत आहे.